सेफ्टी कमिटीत नकाशे आणि ठिपके कुठून आले

कारखान्यातल्या सेफ्टी कमिटीची मीटिंग म्हटलं की बऱ्याच जणांना मिनिट्सचं रजिस्टर आणि "कामगारांनी काळजी घ्यावी" असा ठराव एवढंच आठवतं. खरं तर रोज मशीनवर उभं राहणाऱ्याला जे कळतं ते वरच्या लोकांपर्यंत पोचावं म्हणून ह्या कमिट्या सुरू झाल्या.

कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांताने 1972 मधे कायदाच केला, 10 किंवा जास्त कामगार असतील तिथे जॉइंट कमिटी, म्हणजे मालक आणि कामगार दोघांची मिळून कमिटी, कंपल्सरी. त्याच वर्षी ब्रिटनमधे रोबेन्स रिपोर्ट आला, नुसते नियम वाढवत बसून भागणार नाही, मालक आणि कामगारांनी मिळून लक्ष घालायला हवं असं त्याचं म्हणणं, आणि त्यातून कामाच्या जागच्या सुरक्षेचा 1974 चा कायदा झाला. 1974 मधेच कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतात एलियट लेकच्या युरेनियम खाणीतले कामगार संपावर गेले, कारण सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका किती आहे हे ज्यांच्या छातीत ती धूळ जात होती त्यांनाच कोणी नीट सांगितलं नव्हतं (हे वाचून आजही संताप होतो). मग चौकशीसाठी सरकारने हॅम आयोग नेमला, 1976 ला त्याचा रिपोर्ट आला आणि तिथेही जॉइंट कमिट्यांचा रस्ता मोकळा झाला.

पण कमिटीत बसून प्रश्न सोडवायचा कसा, हे कायदा थोडाच शिकवतो. त्यासाठीचं ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून भराभर कल्पना सुचवणं, आलं जाहिरातवाल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्नकडून, पुढे त्याने सिडनी पार्न्सबरोबर अमेरिकेतल्या बफेलोमधे ते वाढवलं, मुख्य नियम एकच, आधी कल्पना येऊ द्या, चिरफाड नंतर. सेफ्टी कमिटीत तर हा नियम पाळलाच पाहिजे, कारण समोर मॅनेजर असतो आणि पहिल्याच मिनिटाला "बजेट नाही" आलं की हेल्पर पुन्हा तोंड उघडत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मात्र इटलीतलं काम. 1960 च्या दशकात तुरिनमधे इवार ओद्दोने नावाचे डॉक्टर कारखान्यातल्या कामगारांबरोबर बसले, आणि आवाज कुठे, धूळ कुठे, जीव कुठे थकतो हे कामगारांच्या अनुभवावरून मांडायचं अशी पद्धत त्यातून तयार झाली, तेच ते रिस्क मॅप, धोक्यांचे नकाशे. बॉडी मॅपिंग पण ह्याच जातीचं, कागदावर माणसाची आकृती काढायची आणि जिथे दुखतं तिथे प्रत्येकाने ठिपका द्यायचा. एकाच लाइनवरच्या पाच जणांचे ठिपके उजव्या खांद्यावर आले की "नीट उचलत जा" म्हणून विषय संपवता येत नाही, मग रॅक किती उंच आहे ते जाऊन बघावं लागतं, आणि रॅक तर खाली घेता येतो.