आधी हात, की आधी तोटी?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात मे महिन्यात नळ जेमतेम तासभर यायचा. त्यातला बराचसा वेळ शेजारच्या काकू तोटीपाशीच असायच्या. हात धुतले की तोटी बंद करायची. पण ती उघडली होती ओवळ्या हातानं, म्हणून आधी तोटी धुवायची. ती धुताना हात लागला, म्हणून पुन्हा हात. "काकू, अजून हात धुऊनच राहिल्या का?" असं कोणी विचारलं की त्यांचे डोळे भरून यायचे. वाड्यात त्यांचं कौतुकच होतं, भारी सोवळ्याची बाई म्हणून. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या, त्यावर लोक खोबरेल सुचवायचे.

जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरा होतो आणि ती घालमेल शमवायला एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि खोलवरची काही केंद्रं यांच्यातल्या जोडणीत 'काहीतरी चुकलंय' हा इशारा वाजतच राहतो.

ही यंत्रणा नागपुरात, कैरोत, रिओत सारखीच. इशारा कशावरून वाजायचा, ते मात्र आजूबाजूचा समाज शिकवतो. इजिप्तमधल्या रुग्णांत धर्माविषयीच्या शंका ठळक दिसल्या, तर ब्राझीलमध्ये आपल्या हातून कुणाला इजा होईल ही भीती. आपल्याकडे विटाळ आणि शिवाशिव. अजिता चक्रवर्ती आणि जी. बॅनर्जी यांनी १९७५ साली बंगालमधल्या 'शुचिबाई'वर लिहिलं. सतत धुणं, सतत अंघोळ, आणि हे विशेषतः विधवांमध्ये. ज्या बाईवर शुद्धतेचे नियम सगळ्यांत कडक, तिच्याच मनात आजारानं ते धरून ठेवले.

पण म्हणून श्रद्धा हा काही आजार ठरत नाही. आचमन तीनदाच असतं, तीन झाले की माणूस उठतो. मंत्रचळात तिसरं नीट झालं का, ही शंका उठू देत नाही.

बाई-पुरुषांतही फरक आहे. मुलग्यांत हा आजार बहुधा लवकर, शाळकरी वयातच सुरू होतो. त्यांच्यात लैंगिक आणि धार्मिक विचार, वस्तू सरळ रेषेत लावणं जास्त दिसतं. बायकांत घाण आणि धुणं जास्त. शिवाय गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो सुरू होण्याचा किंवा वाढण्याचा धोका असतो. बाळंतिणीला विळी दिसली की 'मी बाळाला काही करीन' असं वाटतं, आणि ती विळी माळ्यावर टाकून देते. या विचारानं ती स्वतःच हादरलेली असते. तिला दुष्ट ठरवणं हा फार मोठा अन्याय आहे, आणि तो घरोघरी होतो.

टेकडीच्या गणपतीपुढे उभ्या पोराच्या मनात अभद्र विचार येतो, तेव्हा तोही कुणाला सांगत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तर सुमारे ९४ टक्क्यांना गेल्या तीन महिन्यांत असा एखादा नकोसा विचार येऊन गेला होता. बहुतेकांचा तो निघून जातो. मंत्रचळ असलेला त्याला पापाची खूण समजतो आणि प्रदक्षिणा पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

पोराचं लाजेपोटी लपतं, बाईचं 'स्वच्छ आहे' म्हणून झाकलं जातं. भारतातल्या अनेक दवाखान्यांच्या नोंदींत पुरुष रुग्ण जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

उपचार आहेत. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं, आणि भीतीला सामोरं जायचा सराव: तोटीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, बसून राहायचं. घालमेल चढते, मग हळूहळू आपोआप उतरते. यात घरच्यांनाही हात आवरावा लागतो. काकूंच्या मुलाला डॉक्टरांनी पहिलं काम तेच दिलं: आईसाठी जास्तीच्या बादल्या भरून ठेवणं थांबवायचं, हळूहळू एकेक कमी करत. त्या उन्हाळ्यात मोरीत चौदा बादल्या होत्या. श्रावणापर्यंत पाच राहिल्या.