पाय वाळणे आणि पाय न ऐकणे

कोकणात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून पायांविषयी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: कोणी म्हणते, "पाय वाळले," तर कोणी म्हणते, "पाय ऐकत नाहीत." घरची मंडळी दोन्हींचा अर्थ एकच धरतात आणि दोघांनाही दूध-अंडी खाण्याचा सल्ला देतात. वास्तविक पहिली तक्रार स्नायू झिजण्याची आहे आणि दुसरी स्नायूला मिळणाऱ्या आज्ञेची. उतारवयात दोन्ही सोबत येतात, पण त्यांची गती सारखी नसते.

गुहागरजवळच्या आमच्या वाडीतून खाली उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाडीवर चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आत्या पडली, तेव्हा सर्वांनी शेवाळाला दोष दिला. ती पायरी मात्र कोरडी होती. आत्याचा अंगठा पायरीच्या कडेला अडला आणि दुसरा पाय वेळेवर पुढे आला नाही. तिच्या पोटऱ्या आजही भरलेल्या आहेत, त्यामुळे पायांत काही उणे असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

वयोमानाने स्नायू झिजण्याला 1989 मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव दिले. यात तंतू बारीक होतात, काही नाहीसे होतात, आणि झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंची झीज अधिक होते. ही झीज डोळ्यांना दिसते, टेपने मोजता येते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक सांगणे मला आवश्यक वाटते. वयामुळे ताकद घटण्याला ब्रायन क्लार्क आणि टॉड मॅनिनी यांनी 2008 मध्ये डायनापेनिया असे वेगळे नाव सुचवले, कारण ही घट केवळ झिजेने उलगडत नाही. सत्तरीतल्या अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पायांचे मांस वर्षाला साधारण 1 टक्का घटत होते, तर ताकद सुमारे तिप्पट वेगाने. मज्जारज्जूच्या कमरेकडील भागातील एकेक प्रेरक चेतापेशी मांडी-पोटरीतल्या शेकडो तंतूंना हलवते. साठीनंतर या पेशींची संख्या घटल्याचे स्पष्ट दिसू लागते. पोरके झालेले काही तंतू शेजारची पेशी आपल्याकडे घेते, उरलेले सुकतात. अशा दत्तक तंतूंमुळे स्नायू बराच काळ टिकतो, परंतु थोड्या पेशींवर जास्त तंतूंचा भार पडल्याने जोर लावताना बारकावा राहत नाही आणि पाय थरथरतो. शिवाय आज्ञांचे ठोके मंदावतात, आणि विरुद्ध बाजूचा स्नायूही त्याच वेळी आवळला जाऊन चाल ताठर होते. ठेच लागल्यावर सावरायला सेकंदाचा काही अंशच मिळतो. तेवढ्यात जोर उभा राहिला नाही, तर भरलेल्या पोटरीचा उपयोग होत नाही.

सीमारेषा अगदी काटेकोर नाही, हेही मान्य केले पाहिजे: तंतूच्या आत कॅल्शियम सुटण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे आज्ञा वेळेवर पोहोचली तरी आकुंचनाला उशीर होतो.

तरीही हा भेद उपायांच्या दृष्टीने मोलाचा आहे. बॉस्टनमध्ये नव्वदी गाठलेल्या काही अशक्त वृद्धांकडून 8 आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले: मांडीच्या मध्यावर स्नायूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले तर वाढ 9 टक्के, ताकदीची वाढ मात्र सरासरी 174 टक्के, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. ही तफावत मोठ्या प्रमाणात आज्ञा सुधारल्याची आहे. मांस टिकवायला प्रथिने आणि वजन दोन्ही लागतात. आज्ञा सुधारायला मात्र सरावच लागतो, आणि त्यात उठताना मुद्दाम झपाट्याने उठण्याचा प्रयत्न असावा लागतो. एकाच पायाचे पाऊल अचानक लोंबू लागले किंवा पायाला बधिरपणा आला, तर ते वयावर न घालता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार पोटरीचा घेर पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर झिजेची शंका घ्यावी. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर पायांची कार्यक्षमता कमी समजावी. पडवीत भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर आत्याने ही चाचणी दिली, तेव्हा 17 सेकंद लागले. तीन महिने रोज सकाळी, शेजारी कोणीतरी उभे असताना, तिने झपाट्याने उठण्याचा सराव केला. आता 13 लागतात. पोटरीचा घेर तेव्हाही 35 होता, आजही 35 आहे.