वर्गणीतला सिनेमा

ऐंशीच्या दशकातल्या मराठवाड्यात ‘व्हिडिओ’ हे यंत्राचं नाव नव्हतं, कार्यक्रमाचं होतं. ‘आज वाड्यात व्हिडिओ हाय’ एवढं कानावर आलं की अख्खी गल्ली जेवणं उरकून सतरंज्या काखेत मारून निघायची. निमित्त काहीही चालायचं. बारसं, हळद, गणपती, शिवजयंती, नाहीतर आडतीवरून मालाची पट्टी हातात पडली म्हणूनही.

खर्च वर्गणीतून निघायचा. तालुक्याच्या गावाहून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी यायच्या, आणि त्यांच्यासोबत दुकानाचं एक पोरगं. यंत्र महागाचं, म्हणून ते पोरगं रात्रभर त्याच्याशेजारीच अंथरूण टाकायचं. भाडं रात्रीचं असायचं, सिनेमामागे नव्हे. मग उजाडेपर्यंत जेवढे बसतील तेवढे सिनेमे बसवायचे. म्हाताऱ्यांसाठी आधी देवाधर्माचा, त्यांचा डोळा लागला की मारामारीचा, आणि तिसरा कुणीच धड पाहत नसे, पण पैसे वसूल व्हायला हवेत ना! तीन तासांच्या एका व्हीएचएस कॅसेटीत हिंदी सिनेमा गाण्यांसकट मावायचा. मध्येच पडद्यावर आडव्या रेघा उठल्या की ‘हेड खराब झालं’ अशी हाकाटी व्हायची. पोरगं झाकण उघडायचं, स्पिरीटचा बोळा फिरवायचं. बोळा नसला तर कोरी करकरीत नोट घासायचं. तेवढ्यात बाया चहा ठेवून यायच्या.

त्याआधी घरात सिनेमा यायचा तो फक्त दूरदर्शनवर. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं, पण आमच्या भागात त्याचा उपयोग फारसा नव्हता. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आलं, आणि १९८४च्या सुमारास गावोगावी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली, तेव्हा कुठे माळवदांवर बांबूला बांधलेले अँटेने दिसायला लागले. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा. एक जण वर बांबू फिरवतोय, दुसरा उंबऱ्यात उभा राहून आतली बातमी वर पोचवतोय:

‘दिसायलंय का?’
‘मुंग्याच यायल्यात! अजून फिरव... बस, बस! आता हात काढू नको!’

हात काढला की चित्र जायचं. अर्धा सिनेमा माळवदावर काढलेली माणसं प्रत्येक गावात सापडतील.

आमच्याकडे स्वस्त-महागाचा हिशेब निव्वळ पैशांत करून भागत नाही, लाइटही धरावी लागते. चौदा इंची कृष्णधवल संच बारा व्होल्टवर चालत. त्यामुळे सिनेमाच्या रात्री ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात आणायची आणि सकाळी ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करायचा, हे बऱ्याच घरांत ठरलेलं. २००५नंतरच्या काही वर्षांत तर खेड्यांत बारा-बारा तासांचं भारनियमन असे. घरची लाइट आणि शेतीपंपांची लाइट वेगळी करणारे गावठाण फीडर आले, त्यानं थोडा आराम पडला.

नव्वदच्या दशकात केबल आली. ती म्हणजे माझ्या मते वर्गणीचंच पक्कं रूप. एका माणसाने गच्चीवर मोठी डिश लावायची, विजेच्या खांबांवरून वायर ओढायची आणि दोनेकशे घरांकडून महिन्याला पैसे गोळा करायचे. ऑक्टोबर १९९२मध्ये झी टीव्ही सुरू झाला. पण गल्लीचा जीव केबलवाल्याच्या घरच्या चॅनलवर. रात्री जेवणवेळेला तो आपल्याच व्हीसीआरवर नवा सिनेमा लावायचा, फर्माईश फोनवर घ्यायचा, खाली गावातल्या कापड दुकानाची जाहिरात फिरायची. परवान्याचा प्रश्न कुणी विचारत नसे. व्हिडिओ चोरीला जरब बसावी म्हणून कॉपीराइट कायद्यातली शिक्षा १९८४ सालीच वाढवली होती, पण आपण पाहतोय तो बहुतेक चोरीचा माल आहे, हे गावात कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग सीडी. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन तुकड्यांत यायचा आणि ऐन मोक्याला उठून चकती बदलावी लागायची. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. भाड्याची नक्कल आणि विकतचा अस्सल माल यांच्यातलं अंतर पहिल्यांदाच एवढं कमी झालं. ते फार दिवस टिकलं नाही, कारण तोवर मोबाइलच्या दुकानांत ‘कार्ड भरून मिळेल’च्या पाट्या लागल्या होत्या. दहा-वीस रुपयांत दोन जीबीच्या कार्डावर सिनेमे आणि गाणी. तेच कार्ड पुढे पाच मित्रांच्या हातांतून फिरायचं.

सरकारी वाट मात्र कायद्याची आणि कायमची फुकट निघाली. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेलं डीडी डायरेक्ट प्लस म्हणजे आजचं डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. याचं कारण यातले खासगी चॅनल जागेसाठी लिलावात बोली लावून पैसे मोजतात, आणि ते पैसे जाहिरातींतून वसूल करतात. वस्तीवर, शेतातल्या आखाड्यावर जिथं केबलची वायर पोचत नाही, तिथं आजही हीच छत्री दिसते.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि नेटचा भाव कोसळला. त्याआधी एक जीबी अडीचशेच्या घरात जायचा. त्यात सिनेमा पाहणं म्हणजे चैन होती. नेटफ्लिक्स त्याच वर्षी जानेवारीत भारतात आलं होतं. महिन्याला पाचशे रुपये ऐकून आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. २०१९मध्ये फक्त मोबाइलसाठी १९९ रुपयांची योजना निघाली, डिसेंबर २०२१मध्ये ती १४९ झाली. त्याहून स्वस्त तोडगा पोरांनी आधीच काढला होता: एकाचा पासवर्ड, चौघांची वर्गणी. जुलै २०२३मध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेर पासवर्ड वाटणं बंद केलं.

आता बऱ्याच घरांत रिचार्जवर रोजचा दीड जीबी मिळतो आणि तो रात्री बाराला पुन्हा भरतो. मोठ्या टीव्हीवर हॉटस्पॉट लावून सिनेमा लावला की तो मध्येच संपतो. मग पूर्वार्ध थोरल्याच्या फोनवर, उत्तरार्ध धाकटीच्या. तिचाही संपलाच, तर सगळे बारा वाजायची वाट पाहत बसतात, आणि कुणीतरी चहा ठेवायला उठतं.