खुबा की मणका? ‘कंबर’ या एकाच शब्दाखाली दोन दुखणी

लालबागच्या मावशीचा आणि माझा वर्षभर रोज रात्री फोन व्हायचा आणि दोघींचं रडगाणं एकच: “कंबर धरलीय गं, पार पायात उतरतंय.” शेजारच्यांनी दोघींच्या दुखण्याला एकच नाव देऊन टाकलं होतं, सायटिका. तिने सांगितलेलं तेल मी लावलं. मला लिहून दिलेल्या गोळ्यांचं नाव मी तिला कळवलं, जे मी कधीच करायला नको होतं. कंबरेचे पट्टेही आम्ही एकाच दुकानातून आणले. वर्ष उलटल्यावर कळलं, की मावशीचं दुखणं मणक्यातलं नव्हतंच. तिचा उजवा खुबा झिजला होता. माझी मात्र खरोखरच मणक्यापाशी नस दबली होती.

हा गोंधळ आमच्या घरापुरता नाही. आपण बरगड्यांच्या खालपासून मांडी सुरू होईपर्यंतच्या सगळ्याला कंबर म्हणतो आणि त्या एवढ्याशा पट्ट्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी बसलेल्या आहेत. एक म्हणजे मणक्यांची माळ, तिच्यातल्या चकत्या आणि तिथून पायात जाणाऱ्या नसा. दुसरा खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो, तो हा सांधा. दोन्हींचं दुखणं कुल्ल्यात जाणवतं, दोन्हींचं मांडीत उतरतं, दोन्हींमुळे माणूस लंगडतो.

खुबा कुठे आहे विचारलं, तर बहुतेकांचा हात बाहेरच्या बाजूच्या टणक हाडावर जातो. सांधा तिथे नसतो. तो आत खोल, जांघेच्या घडीमागे असतो. म्हणून खुब्याच्या दुखण्याची खरी जागा जांघ. तिथून ते मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्याकडे सरकतं. कधी तर जांघ काहीच बोलत नाही आणि नुसता गुडघाच दुखतो, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. गुडघ्याचे एक्स-रे काढत बसलेले आणि मुळात खुब्याने आजारी असलेले लोक असतात, ते यामुळेच.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती बायकांसाठी जास्त. मावशी चार डॉक्टरांकडे गेली आणि चौघांना तिने सांगितलं, “कंबर दुखते.” परक्या पुरुषासमोर “जांघेत दुखतं” म्हणायला तिची जीभ रेटली नाही. हातही तिने मागे, साडीच्या निऱ्यांपासून लांब, पाठीच्या खालच्या टोकाला ठेवून दाखवला. मग तपासणी पाठीची झाली, एमआरआयही पाठीचा निघाला. त्यात “डिस्क बल्ज”, म्हणजे फुगलेली चकती, आलं आणि पुढचे आठ महिने एका क्लिनिकमध्ये तिला ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणून धरणं, चाललं. त्या आठ महिन्यांत कोणीही तिचा गुडघा वाकवून मांडी आत-बाहेर फिरवून पाहिली नाही. याचा मला अजून राग येतो.

घरात मात्र खुणा उघड्या पडलेल्या होत्या, वाचता येत नव्हत्या इतकंच. मावशी विळीवर बसायची बंद झाली होती, भाजी ओट्यापाशी उभी राहून चिरायची. आम्ही म्हटलं, वय झालं. ती उजव्या पायाची नखं नातीकडून कापून घ्यायला लागली होती. डाव्या पायाची मात्र स्वतः कापायची! हे एकच वाक्य कोणी नीट ऐकलं असतं तरी पुरलं असतं. नख कापताना, मोजा चढवताना, मांडी घालून बसताना खुबा बराच वाकवावा आणि फिरवावा लागतो, आणि झिजलेला खुबा पहिली गमावतो ती हीच हालचाल. बेस्टच्या बसची पायरी, रिक्षातून एक पाय बाहेर टाकून उतरणं, भारतीय पद्धतीचा संडास, सगळीकडे तिची तीच अडचण. सकाळी उठल्यावरची आणि बराच वेळ बसून उठल्यावरची पहिली आठ-दहा पावलं आखडलेली, मग जरा मोकळी, आणि जास्त चाललं की पुन्हा ठणका.

माझं चित्र वेगळं होतं. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत मी वर्षानुवर्षं चौथ्या सीटवर बसून आले आहे. ज्यांनी लोकलने प्रवास केलाय त्यांना चौथी सीट म्हणजे काय ते सांगायला नको: अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत आणि एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला. ठाणं येईपर्यंत कुल्ल्यातून एक ओढ सुरू व्हायची, घाटकोपरला ती मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या बाजूला उतरायची आणि दादरला उठून उभी राहिले की थोडी निवायची. शिंक आली की वीज चमकावी तशी कळ थेट पायात. मग अंगठा बधिर व्हायला लागला. एके दिवशी दादरच्या पुलावर डाव्या पायातली चप्पल सुटून मागे पडली आणि मला दोन पायऱ्या चढून गेल्यावर कळलं. पाऊल घोट्यातून वर उचलणारा स्नायू कमजोर पडला होता.

शिंकेने किंवा खोकल्याने पायात जाणारी कळ, गुडघ्याच्या खाली एका ठरावीक वाटेने उतरणं, मुंग्या, बधिरपणा, ताकद जाणं, ही नसेची भाषा आहे. वाटही ठरलेली असते. एल-५ नावाची नस दबली तर पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे. एस-१ दबली तर पोटरीच्या मागून टाचेकडे, पावलाच्या कडेला, करंगळीपर्यंत, आणि मग चवड्यावर उभं राहणं जड जातं. मणक्यातून निघणारी ही दोन आणि आणखी काही नसांची मुळं एकत्र येऊन सायटिक नस होते, शरीरातली सगळ्यात जाड नस. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, आणि रोग्याच्या चालीवरून हे नाव पडलं असं सांगतात. सरकलेली चकती या दुखण्यामागे असते हे मात्र आधुनिक वैद्यकाने ठामपणे मांडलं ते १९३४ मध्ये, मिक्स्टर आणि बार या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी.

तपासताना काय करतात, तेही सांगते. उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली कळ गेली तर संशय मणक्यापाशी दबलेल्या नसेवर. नुसतं मांडीच्या मागे ताणलं तर ते सगळ्यांचंच ताणतं. दुसरी तपासणी खुब्याची: गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला नेतात, म्हणजे मांडी आत फिरते. तिथे जांघेत कळ आली किंवा सांधा दुसऱ्या बाजूइतका फिरलाच नाही, तर खुब्याचा विचार करायचा. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. घरी कोणाला झोपवून हे जोर लावून करू नका, पण आपल्याला तपासताना हे केलं की नाही एवढं लक्षात ठेवा.

मावशीचं निदान अखेर साध्या एक्स-रेवर झालं, दोन्ही खुबे एका फिल्मवर येतात त्या. डाव्या खुब्यात माथा आणि वाटीमधली काळी रेघ स्पष्ट होती, उजवीकडे हाडाला हाड टेकलेलं. मग तिच्या पाठीच्या एमआरआयमधलं ते बल्ज खोटं होतं का? नाही, ते होतंच. पण २०१५ साली जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं, की ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांच्याही एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या. केस पिकावेत तसं ते असतं. रिपोर्टमधला शब्द आणि दुखणारी जागा जुळली तरच त्या शब्दाला अर्थ.

दोन्ही एकदमही असू शकतं. खुबा आणि मणका दोन्ही एकाच वेळी बिघडण्यावर ऑफिअर्स्की आणि मॅकनॅब या डॉक्टरांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं. शिवाय एल-३ किंवा एल-४ची नस दबली तर दुखणं मांडीच्या पुढून जातं आणि अगदी खुब्यासारखं वाटतं, तर खुब्याचं दुखणं क्वचित गुडघ्याच्या खालीही उतरतं. कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाहेरच्या हाडावर दुखत असेल, तर बहुधा सांधाही नाही आणि नसही नाही, तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावलेल्या असतात. चालताना दोन्ही पाय भरून येतात आणि पुढे वाकलं किंवा बसलं की उतरतात, तर मणक्यातली नळी अरुंद झाल्याचा विचार होतो.

तरुणांसाठी एक वेगळी सूचना. तीस-चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखते, त्याने पूर्वी स्टेरॉइड्स घेतली आहेत किंवा दारू बरीच आहे, तर खुब्याच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत असू शकतं. २०२१ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतरच्या अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. यात सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो आणि पाठीच्या एमआरआयमध्ये तर हे दिसणारच नाही. खुब्याचा एमआरआय लागतो, आणि लवकर लागतो.

आणि काही गोष्टींसाठी थांबायचंच नाही. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं: त्याच दिवशी इस्पितळ, रात्र असली तरी. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, जोडीला बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर आपल्या मुंबईत मणक्याच्या टीबीचा विचार आधी करायला हवा. पडल्यावर पायावर उभंच राहता येत नसेल, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं.

उपायांतही फरक पडतो. मावशीच्या हातात काठी आली ती डाव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. पहिले दोन दिवस ती भांडली, “दुखतंय उजवीकडे आणि काठी डावीकडे?” कारण असं: उजव्या पायावर भार आला की कंबर डावीकडे कलू नये म्हणून उजव्या खुब्याचे स्नायू जोराने आवळतात आणि तोच दाब सांध्यावर पडतो. डाव्या हातातली काठी ते काम वाटून घेते. उंच खुर्ची, संडासात उंच सीट, खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम, आणि तरी भागलं नाही तर सांधा बदलणं. झिजलेल्या खुब्यासाठी ही शस्त्रक्रिया चांगलं काम करते. मणक्याच्या नसेचं गणित उलट आहे: चकतीमुळे दबलेली नस बहुतेकांची काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपली आपण निवते, सरकलेला भाग शरीर बऱ्याचदा शोषून घेतं, आणि ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला जुना झाला.

माझ्याबाबतीत तेच झालं. सात महिन्यांनी अंगठ्यातली जाणीव परतली, चप्पल पायात राहायला लागली, दुसऱ्या एमआरआयमध्ये चकती पुष्कळ आत गेलेली. आणि दुखणं मात्र राहिलं. वाट सोडून पसरलं: कधी कुल्ला, कधी मांडी, कधी दोन्ही बाजूंची कंबर. खुबा तपासला, तो उत्तम. “रिपोर्ट नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका,” असं एकांनी सांगितलं आणि मी जिन्यात बसून रडले.

असल्या दुखण्याला आता नाव आहे. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये तिसऱ्या प्रकारची वेदना मान्य केली: सांध्याची किंवा स्नायूची इजा दिसत नाही, नस दबलेली नाही, पण वेदना वाहणारी आणि मोजणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील होऊन बसली आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला स्वतःची जागा मिळाली. याचा अर्थ ते मनाचे खेळ नाहीत. झोप उडाली की ते वाढतं, भीतीने वाढतं, पण ते शरीरातच घडत असतं.

माझा घात चांगल्या दिवसांनी केला. एक दिवस बरं वाटलं की मी घटस्थापनेआधीची सगळी झाडलोट उरकायची आणि पुढचे चार दिवस भिंत धरून चालायची. आता बरं असो वा वाईट, चालणं ठरलेलं. सीएसएमटीहून फोर्टमधल्या ऑफिसपर्यंत सुरुवातीला सहा मिनिटं चालून थांबायचे, दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवलं. चौथी सीट सोडली. धीमी लोकल धरते, वेळ जातो, पण टेकायला जागा मिळते आणि मध्ये उभं राहता येतं. कंबरेचा पट्टा कपाटात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवरच्या सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीचे उपचार म्हणून वापरू नका असंच म्हटलंय, आणि भर दिलाय तो व्यायाम, समजावून सांगणं आणि मानसिक आधाराच्या उपचारांवर. फिजिओथेरपी म्हणजे मशीन लावून वीस मिनिटं पडून राहणं नव्हे, हे मला उशिरा कळलं. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन वैद्यकाची संस्था आहे, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. रांग असते, पण तिथे हात लावून तपासतात.

मावशीची शस्त्रक्रियेच्या सल्ल्याची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. मी तिला वहीच्या अर्ध्या पानावर लिहून दिलंय: उजवी जांघ, दीड वर्ष. नखं कापता येत नाहीत. विळीवर बसता येत नाही. जिन्याचे तीन मजले, प्रत्येक मजल्यावर थांबावं लागतं. खोकल्याने पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. काल फोनवर तिने ते मला वाचून दाखवलं. ‘जांघ’ शब्दापाशी जरा अडखळली, मग पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचलं.