उरुकचं ओबडधोबड वाडगं

दिसायला त्यात काहीच नाही. जाड बुडाचं, काठ तिरका कापलेलं, आतून बोटांचे ठसे उमटलेलं मातीचं वाडगं. रंग नाही, नक्षी नाही. चाकावर फिरवलेलंही नाही. साच्यात माती दाबली, काठ छाटला, काम झालं. मातीत तूस आणि भुसा भरपूर, भाजणी कमी, त्यामुळे पाणी ओतलं तर झिरपून जायचं. असलं वाडगं एखाद्या कुंभाराने अभिमानाने घरात मिरवलं असेल असं वाटत नाही.

तरीही मेसोपोटेमियाचा अभ्यास करणाऱ्यांनी या तिरक्या काठाच्या वाडग्यावर जेवढी शाई खर्च केली आहे, तेवढी फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आली असेल. इ.स.पू. ४००० ते ३१०० या उरुक काळात ती दक्षिण इराकमध्ये ढिगांनी तयार होत होती आणि इराण, सीरिया, तुर्कस्तानपर्यंत सापडतात. काही ठिकाणी तर निघालेल्या एकूण खापरांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश खापरं एकट्या या वाडग्याची आहेत.

प्राचीन संस्कृतींबद्दल वाचताना शहर, राज्य, वरकड उत्पादन, श्रमविभागणी असे शब्द आपल्यापुढे येतात आणि ते जणू आयतेच जमिनीतून निघाले असा भास होतो. जमिनीतून निघतात ती वाडगी. ‘राज्य’ आजवर कोणाच्या कुदळीला लागलेलं नाही. वाडग्यापासून राज्यापर्यंत जे जातं ते अनुमान असतं, आणि त्यातला कुठला टप्पा पक्का, कुठला डळमळीत, हे पाहण्यातच या विषयाची खरी गंमत आहे.

उरुक म्हणजे आजचं वार्का, दक्षिण इराकमधल्या समावा शहराजवळचं विस्तीर्ण टेकाड. १९व्या शतकाच्या मध्याला विल्यम लॉफ्टस इथे खोदून गेला. १९१२पासून जर्मन पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर काम सुरू केलं. पश्चिम आशियात अशा टेकाडाला ‘तेल’ म्हणतात. कच्च्या विटांचं घर पडलं की ते सपाट करून त्यावरच नवं बांधायचं, राख आणि कचरा तिथेच साचायचा, आणि शतकानुशतकं गाव स्वतःच्याच पडझडीवर वर चढत जायचं. महाराष्ट्रातही नद्यांच्या काठी अशी टेकाडं आहेत. गावकरी त्यांना पांढरीची टेकाडं म्हणतात, कारण राख, माती आणि शेणाने तिथली जमीन आसपासच्या काळ्या रानापेक्षा फिकी झालेली असते.

उरुकच्या एआन्ना या देवळांच्या भागात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एक खोल खड्डा थेट अस्पर्श जमिनीपर्यंत नेला गेला. जवळजवळ २० मीटर खोली, १८ थर. थरांचे आकडे वरून खाली मोजतात, म्हणजे पाचवा थर चौथ्याच्या आधीचा. नवखा वाचक इथे हमखास गोंधळतो. खालचं जुनं, वरचं नवं, हा स्तररचनेचा साधा नियम. पण उंदराचं बीळ, नंतर खणलेला खड्डा, उपटलेला पाया यांपैकी काहीही तो बिघडवू शकतं. म्हणून वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची: कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, कुठल्या मातीत. यालाच पुरातत्त्वात संदर्भ म्हणतात.

थरांवरून आधी-नंतर कळतं, वर्षं कळत नाहीत. त्यासाठी विलर्ड लिबी या रसायनशास्त्रज्ञाने १९४९मध्ये पुढे आणलेली कार्बन-१४ पद्धत आहे. तिच्यासाठी त्याला १९६०चं नोबेल मिळालं. सजीव मेला की त्याच्यातला किरणोत्सर्गी कार्बन घटू लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा होतो. वाडग्याची माती सजीव नसल्यामुळे तिला हे घड्याळ लावता येत नाही. शेजारचा कोळसा किंवा जळालेला दाणा लागतो. शिवाय वातावरणातलं कार्बन-१४चं प्रमाण कायम सारखं नव्हतं, म्हणून मिळालेला आकडा झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून दुरुस्त करावा लागतो.

आता वाडग्याकडे येऊ. उरुकच्या सुरुवातीच्या लेखनात एक चिन्ह आहे: माणसाचं डोकं आणि त्याला टेकलेलं वाडगं. अर्थ, ‘खाणं’. नुसत्या वाडग्यासारख्या चिन्हाचा अर्थ भाकरी किंवा शिधा. त्यावरून हान्स निसेन या जर्मन अभ्यासकाने मांडलं की हे वाडगं म्हणजे शिध्याचं माप. देवळाच्या किंवा तशा मोठ्या संस्थेच्या कामावर असलेल्यांना रोजचं धान्य मोजून द्यायचं, त्यासाठी साच्यातून हजारोंनी काढलेली भांडी. विणकर, कुंभार, शिल्पी स्वतः शेती करत नाहीत, तरी जेवतात. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने पिकवलेलं वरकड धान्य एका हाताखाली गोळा होतं आणि तिथून वाटलं जातं. आपल्याकडे बलुतेदारालाही कामाच्या मोबदल्यात धान्यच मिळे, पण ते गावाच्या खळ्यावरून, दर हंगामाला, पिढीजात हक्काने. उरुकमधला शिधा कोठारातून येत होता आणि त्याची नोंद ठेवली जात होती.

चित्र सुबक आहे. इतकं सुबक की थोडा संशय यावा. सगळ्या वाडग्यांचं माप एकसारखं नाही, आणि मापाचं भांडं कमी-जास्त भरत असेल तर ते माप कसलं? काहींनी म्हटलं हे पाव भाजायचे साचे. प्राचीन इजिप्तमध्ये तसे जाड साचे होतेच, आणि भुशामुळे सच्छिद्र झालेली भिंत भाजायला सोयीची. कोणी मीठ म्हटलं, कोणी दही. माझं मत विचाराल तर एकाच भांड्याचा सगळीकडे एकच उपयोग असला पाहिजे, हा हट्टच चुकीचा आहे. साच्यातून झटपट निघणारं, फेकलं तरी हळहळ वाटू नये असं भांडं लोक हाताला येईल त्या कामाला वापरतात.

लेखनाकडे मात्र नीट थांबून पाहायला हवं. उरुकमध्ये मातीच्या सुमारे ५००० पाट्या आणि तुकडे मिळाले आहेत. सर्वांत जुने इ.स.पू. ३३००च्या आसपासचे. ते सापडले कुठे? नंतरच्या बांधकामाखाली भर म्हणून टाकलेल्या कचऱ्यात. हिशेब संपला, पाटी फेकली. म्हणूनच त्यांचं नेमकं वर्ष सांगणं अवघड जातं, कारण कचरा आधी कुठे आणि किती काळ पडून होता याचा थरांवरून पत्ता लागत नाही.

या पाट्यांत काव्य नाही, प्रार्थना नाही, राजाचा पराक्रम नाही. बहुसंख्य पाट्या हिशेबाच्या: सातू, मेंढ्या, कापड, बिअर, जमीन. उरलेल्या, साधारण सातातली एक, शब्दांच्या याद्या आहेत. शिकाऊ लेखनिकांनी गिरवायच्या. त्यातली पदांची आणि व्यवसायांची यादी पुढे शेकडो वर्षं जवळजवळ जशीच्या तशी उतरवली जात राहिली.

आणि मोजण्याची तऱ्हा! मेंढ्या किंवा माणसं मोजताना १, १०, ६०, ६००, ३६०० अशी चढण. वाटपाचा शिधा मोजताना ६०पर्यंत तीच, पण पुढे १२०, १२००, ७२००. धान्याचं मोजमाप आणखी वेगळं, जमिनीचं त्याहून वेगळं. तेच चिन्ह एका पद्धतीत एक किंमत दाखवतं, दुसरीत दुसरी. वस्तूपासून सुटलेली, स्वतंत्र ‘संख्या’ अजून डोक्यात तयार झालेली नव्हती, असं पीटर दामेरोसारख्या अभ्यासकांनी यावरून मांडलं.

याच्याही मागे जाता येतं. डेनिस श्मांट-बेसेरा यांनी पश्चिम आशियातल्या मातीच्या छोट्या गोट्या, शंकू आणि चकत्या गोळा करून दाखवलं की लेखनाच्या काही हजार वर्षं आधीपासून लोक असल्या खुणांनी मोजणी ठेवत होते. पुढे त्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वरून मुद्रा उमटवली जाऊ लागली. आत काय आहे ते गोळा न फोडता कळावं म्हणून बाहेर ठसे, आणि मग आतल्या खुणांची गरजच संपली. सपाट पाटी पुरेशी झाली. आकड्यांच्या बाबतीत हा क्रम बराच पटतो. पण खुणांच्या आकारांतूनच पुढची चित्रचिन्हंही निघाली, हा त्यांचा दुसरा दावा अनेकांना मान्य नाही.

एका पाटीची गोष्ट फार सांगितली जाते: २९,०८६ मापं सातू, ३७ महिने, आणि ‘कुशिम’. जगातलं पहिलं नोंदलेलं नाव म्हणून ते मिरवतं. पण कुशिम हा माणूस होता की अधिकारपद, हे ठरलेलं नाही. शिवाय ती पाटी खासगी संग्रहातून पुढे आली. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती हे आता कधीच कळणार नाही. चोरट्या खोदकामाने वस्तू वाचते, संदर्भ मरतो.

उरुक काळाच्या शेवटी शहर सुमारे २५० हेक्टरवर पसरलं होतं. गॉर्डन चाइल्ड या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पुरातत्त्वज्ञाने १९५०मध्ये नागरी क्रांतीची दहा लक्षणं सांगितली: दाट वस्ती, पूर्णवेळ कारागीर, कर किंवा नजराण्याने जमा होणारं वरकड, भव्य वास्तू, लेखन, दूरचा व्यापार वगैरे. उरुकला ती चपखल बसतात. बसणारच; यादी बऱ्याच अंशी मेसोपोटेमियाकडे पाहूनच केलेली होती. इंकांनी लिपीशिवाय, दोऱ्यांच्या गाठींवर साम्राज्याचा हिशेब चालवला. तुर्कस्तानात गोबेकली तेपेचे कोरीव खांब इ.स.पू. साडेनऊ हजारच्या सुमाराला उभे राहिले, शहर किंवा लिपी दूरच, शेतीही पुरती रुजलेली नसताना. आणि युक्रेनमधलं तालियांकी इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या सुरुवातीला ३०० हेक्टरांहून मोठं होतं, पण तिथे राजवाडा, कोठार किंवा लेखन यांचा मागमूस नाही. हजारो घरं, वर्तुळाकार रांगांत. त्याला शहर म्हणायचं की नाही यावर अजून वाद चालू आहे.

म्हणून हेन्री राइट आणि ग्रेगरी जॉन्सन यांनी १९७५मध्ये राज्याची वेगळी कसोटी सुचवली: निर्णय घेणाऱ्यांच्या किमान तीन पातळ्या हव्यात. गावातल्या कामावर देखरेख, देखरेख करणाऱ्यांवर देखरेख, आणि त्यांच्याही वर कोणीतरी. पुरावा म्हणून वस्त्यांचे आकार मोजायचे, मुद्रा आणि त्यांचे ठसे कुठे मिळतात ते पाहायचं. उरुकची दंडगोल मुद्रा ओल्या मातीवर फिरवली की चित्रांची पट्टी उमटे. मडक्याच्या तोंडावर, कोठाराच्या दारावर. अशी फुटलेली मोहोर जिथे पडलेली सापडते, तिथे कोणीतरी अधिकाराने दार उघडलं होतं.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात याच्या कितीतरी अलीकडचं, ताम्रपाषाणयुगीन गाव मिळालं. तिथे वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर, त्यालाच लागून धान्याची कोठी, आणि अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून पुरलेला पुरुष. त्यावरून तो गावप्रमुख असावा असं मानलं जातं. पण लेखन नाही, मुद्रांची उतरंड नाही. राइट-जॉन्सनच्या कसोटीने हा प्रमुख असलेला समाज, राज्य नव्हे.

राज्य हे प्रगतीचं अटळ पाऊल, असं गृहीत धरायची सवय मात्र अजून सुटत नाही. इराकी कुर्दिस्तानातल्या शाखी कोरा या ठिकाणचं संशोधन २०२४मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही उरुक पद्धतीची इमारत आणि त्याच तिरक्या काठाच्या वाडग्यांचा खच. खापरांत मुरलेल्या अंशांचं रासायनिक विश्लेषण केलं तेव्हा मांसाच्या रश्शाच्या खुणा दिसल्या. कोरड्या धान्याच्या मापापेक्षा हे प्रकरण वेगळं निघालं. मोठ्या संख्येने लोकांना जेवू घालणारी ही संस्था पुढे बंद पडली. जाळपोळीचा किंवा हल्ल्याचा पुरावा नाही, दुष्काळाचाही नाही. संशोधकांच्या मते लोकांनीच वरच्या सत्तेकडे पाठ फिरवली असावी आणि ते विखुरलेल्या शेतीवस्त्यांकडे परतले. त्या जागी पुन्हा तशी केंद्रीय संस्था उभी राहायला दीड हजार वर्षांच्या आसपास काळ जावा लागला.