गावाचे ग्रंथालय: आधी संस्था, मग अनुदान

महाराष्ट्रातील एखाद्या लहान गावात सार्वजनिक ग्रंथालय काढायचे ठरले की पहिला प्रश्न पैशाचा येतो, आणि त्याचे उत्तर शोधताना गावकऱ्यांच्या लक्षात येते की या राज्यात शासन स्वतः गावोगावी ग्रंथालये उभारत नाही. लोकांनी संस्था स्थापन करायची, जागा मिळवायची, पुस्तके जमवायची आणि ग्रंथालय काही काळ स्वबळावर चालवून दाखवायचे. त्यानंतर शासनाची मान्यता आणि मान्यतेमागून अनुदान, असा येथील क्रम आहे. हा क्रम एखाद्या शासन निर्णयातून एकाएकी आलेला नाही. त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांची घडण आहे.

आपल्याकडील जुनी वाचनालये वर्गणीवर जन्मली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि कोल्हापूरचे १८५० चे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अशा संस्थांना इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि संस्थानिकांचे पाठबळ मिळाले, पण त्या चालल्या त्या वर्गणीदारांच्या बळावर. पुढे मराठी ग्रंथ एकत्र जमवून जतन करण्याच्या ध्येयाने ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. ग्रंथालय ही समाजाने चालवायची संस्था आहे, ही धारणा या काळात पक्की झाली. तिचा लाभ मोठा होता. मात्र जिथे वर्गणी देऊ शकणारा शिक्षित वर्ग होता तिथेच, म्हणजे मुख्यतः शहरांत आणि तालुक्याच्या गावांत, ग्रंथालये रुजली. खेडी मागे राहिली.

खेड्यांचा विचार योजनापूर्वक झाला तो बडोद्यात. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर तो शिकलेले विसरेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खाते उघडले. या खात्याचे आर्थिक सूत्र आजही अभ्यासण्याजोगे आहे. गावाने ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत (जिल्ह्याच्या पातळीवरची स्थानिक संस्था) आणि तेवढीच संस्थान सरकार देत असे. वार्षिक खर्चाला हे सूत्र लागू होते आणि इमारतीलाही. एक तृतीयांश गावाने जमवले की उरलेल्या दोन वाट्यांची हमी मिळे. ज्या गावांना एवढेही शक्य नव्हते त्यांच्याकडे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च खाते सोसत असे. गावाला पहिले पाऊल टाकता यावे यासाठी सरकारने आधीच हात पुढे केलेला असणे, हे या योजनेचे मर्म होते, आणि माझ्या मते आपल्या नंतरच्या व्यवस्थेत नेमके तेच निसटले.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली. राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि शेवटी खेडे अशी उतरती साखळी समितीने सुचवली. महायुद्धामुळे अहवाल काही वर्षे पडून राहिला. स्वातंत्र्याच्या सुमारास अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा नवी सरकारी ग्रंथालये बांधण्याऐवजी, बहुतेक ठिकाणी आधीपासून चालत असलेल्या संस्थांनाच जिल्हा किंवा तालुका ग्रंथालयाचा दर्जा देऊन अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. तो काटकसरीचा होता आणि जुन्या संस्थांचा मान राखणाराही होता. पण साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे खेडे, त्यात कच्चाच राहिला, कारण खेड्यात दर्जा द्यायला मुळात संस्थाच नव्हती.

कायद्याच्या बाबतीत कोल्हापूर संस्थान सर्वांच्या पुढे होते. तेथे १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा झाला. परंतु १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्या कायद्याला रुजायला अवधी मिळाला नाही. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि ग्रंथालयांना हक्काचे उत्पन्न मिळवून दिले. पुढे कर्नाटकाने व केरळानेही उपकराचीच वाट धरली. गोव्याच्या १९९३ च्या कायद्यात मद्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी निधी उभा करण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्राने १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात उपकर ठेवला नाही. हा अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद आणि ग्रंथालय निधी अस्तित्वात आले, आणि या निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे ठरले. उपकर नसल्याने घरपट्टी भरणाऱ्यावर वेगळा बोजा पडला नाही. त्याचबरोबर ग्रंथालयाचे उत्पन्न गावाच्या करवसुलीशी जोडले न जाता राज्याच्या अर्थसंकल्पाशी जोडले गेले, आणि अनुदानवाढीसाठी दर काही वर्षांनी निवेदने, अधिवेशने आणि मोर्चे यांचा आधार घेण्याची वेळ ग्रंथालय कार्यकर्त्यांवर आली.

१९७० च्या नियमांनी ग्रंथसंख्या, सभासद, उघडे राहण्याचे तास आणि सेवक यांच्या आधारे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. नवे ग्रंथालय साधारणपणे ‘ड’ वर्गात प्रवेश करते. अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि तेही वर्गाच्या कमाल मर्यादेत मिळते. उरलेला वाटा संस्थेचा. २०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाची ही मर्यादा वर्षाला ३०,००० रुपये होती. त्यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला १,२५० रुपये पडत. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वृत्तपत्रे, भाडे आणि वीजबिल भागवायचे असे. २०२२ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, तरी एवढ्या लहान आकड्यावरची वाढही लहानच असते.

२०१२ मध्येच महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. केवळ कागदावर असलेल्या संस्था शोधणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्यानंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ अनेक वर्षे थांबून राहिल्या आणि त्याची झळ प्रामाणिकपणे काम सुरू करणाऱ्या गावांना बसली. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालये सुमारे ११,००० असली, तरी गावांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे.

म्हणूनच आज नियोजन करणाऱ्या गावाला अनेक दारे ठोठवावी लागतात. धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंदणी होते. जागा बहुधा ग्रामपंचायतीची, शाळेची किंवा देवस्थानाची मिळते. बांधकामासाठी आमदार किंवा खासदार निधीकडे पाहिले जाते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून समान आणि असमान निधी योजनांतून पुस्तके, साहित्य व इमारतीसाठी साहाय्य देते. समान निधीत राज्य शासनाचाही वाटा असतो, असमान निधी एकट्या प्रतिष्ठानाचा असतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या, पंचायतींच्या विषयांच्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये हा विसावा विषय आहे आणि ग्रामपंचायतीच्या कर्तव्यसूचीतही वाचनालयाचा उल्लेख आहे. तरीही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती यांच्यापुढे वाचनालयाची ओळ क्वचितच टिकते. नोंदणीपासून पहिल्या अनुदानापर्यंतचा काळ देणग्या, जुनी पुस्तके आणि विनावेतन काम करणारी दोन-चार माणसे यांच्यावरच निभावून न्यावा लागतो, आणि या काळासाठी बडोद्याच्या तृतीयांशासारखी कोणतीही तरतूद १९६७ च्या अधिनियमात नाही.