पॉप-अप आणि हलती पुस्तके

पान उघडले की चित्र उभे राहते, पट्टी ओढली की घोडा मान हलवतो, चकती फिरवली की खिडकीतला आकडा बदलतो, अशी कागदी यंत्रणा ज्यांच्या पानांत बसवलेली असते ती हलती पुस्तके. त्यांपैकी निव्वळ पान उघडण्याच्या हालचालीने त्रिमित आकार उभा करणारी ती पॉप-अप पुस्तके. नागपुरात ती बहुधा वाढदिवसाची भेट म्हणून घरात येतात आणि खेळण्यांच्या कपाटात जातात. हा प्रकार जन्मला मात्र मोठ्यांसाठी, गणिताच्या आणि अभ्यासाच्या गरजेतून. पहिली पाचेकशे वर्षे मुलांचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

तेराव्या शतकात इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स मठातील मॅथ्यू पॅरिस या भिक्षूने आपल्या इतिहासग्रंथाच्या हस्तलिखितात फिरती चकती बसवली. ईस्टर आणि त्यावर अवलंबून असलेल्या, दरवर्षी तारीख बदलणाऱ्या सणांचा हिशेब तिच्यावर करता येई. त्याच शतकात मायोर्का बेटावरचा तत्त्वज्ञ रामोन लुल याने एकात एक फिरणाऱ्या चकत्यांवर अक्षरे मांडली आणि त्यांच्या जुळण्यांतून तात्त्विक विधाने तयार करण्याची रीत सांगितली. १५४० मध्ये पेटर आपियान याने इंगोलश्टाट येथे छापलेल्या खगोलग्रंथात तर एकावर एक रचलेल्या रंगीत चकत्या फिरवून ग्रहांची स्थिती काढता येत असे. शरीरशास्त्रानेही ही युक्ती लवकर उचलली. १५३८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या हाइनरिख फोग्टहेर याने मानवी देहाचे असे चित्र छापले, की वरचा कागद उचलला की आतले अवयव दिसत. १६१९ मध्ये आलेल्या योहान रेमेलिनच्या ग्रंथात हे थर कितीतरी वाढले.

या काळातले सर्वांत मोलाचे काम १५७० चे आहे. युक्लिडच्या भूमितीचे हेन्री बिलिंग्जली याने केलेले इंग्रजी भाषांतर लंडनच्या जॉन डे याने छापले, तेव्हा अकराव्या भागातील घनभूमितीच्या आकृत्यांवर कागदी तुकडे चिकटवले. ते उचलून एकमेकांना टेकवले की सपाट पानावर सूची (पिरॅमिड) उभी राहते. फळ्यावर तुटक रेषांनी ‘मागची बाजू’ दाखवावी लागणाऱ्या गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला या पानाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. पॉप-अप म्हणजे चित्राला केलेली सजावट, असे मानणाऱ्यांनी हे पान पाहायला हवे: येथे आकार उभा राहिल्याशिवाय विषयच कळत नाही.

मुलांकडे हा प्रकार वळला तो लंडनच्या रॉबर्ट सेयरमुळे. १७६५ च्या सुमारास त्याने घड्या उघडत गेले की चित्र आणि गोष्ट बदलणाऱ्या पुस्तिका काढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘डीन अँड सन’ या लंडनच्या प्रकाशनाने हलत्या पुस्तकांचा धंदाच उभा केला. पण कारागिरीचे शिखर गाठले ते म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फर (१८४७–१९२५) याने. दोन पानांच्या पोटात तो कागदी तरफांची साखळी दडवी आणि बारीक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांनी सांधे जोडी. त्यामुळे एकच पट्टी ओढली की माणसाचा हात, डोळा आणि जबडा वेगवेगळ्या गतीने हलत. १८८७ मध्ये आलेली त्याची सर्कस उलगडून मांडली की प्रेक्षकांसकट अख्खे रिंगण समोर उभे राहते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा: १९२९ पासून इंग्लंडमध्ये लुई जिरो याने पान पूर्ण उघडल्यावर चारही बाजूंनी पाहता येतील अशी चित्रे स्वस्त कागदावर आणली, १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लू रिबन प्रकाशनाने ‘पॉप-अप’ हे नाव बाजारात रूढ केले, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रागच्या वॉयटेक कुबाश्ताने मोजक्या घड्यांत भव्य दृश्ये उभी केली. त्याच्या पुस्तकांनी प्रभावित झालेल्या वॉल्डो हंट या अमेरिकन व्यावसायिकाने १९६० च्या दशकात हा उद्योग अमेरिकेत पुन्हा उभा केला. यान पिएन्कोव्स्की, डेव्हिड पेलहॅम आणि अलीकडचा रॉबर्ट सबुडा ही त्यानंतरची मोठी नावे.

भारतात याच्या जवळची परंपरा राजस्थानातील कावडीची आहे. चित्तोडगडजवळच्या बस्सी गावात बनणारी ही लाकडी पेटी. तिची चित्रित दारे एकामागून एक उघडत कथा सांगितली जाते. ते पुस्तक नव्हे, पण उघडण्याच्या क्रियेतून कथा पुढे नेण्याचे तत्त्व तेच.

रचनेचे सारे गणित पानांच्या मधल्या घडीवर चालते. दोन पाने उघडताना त्यांच्यातील कोन शून्यापासून १८० अंशांपर्यंत बदलतो आणि चिकटवलेला तुकडा त्या बदलाचे हालचालीत रूपांतर करतो. मूळ घड्या दोन. पहिलीत मधोमध दुमडलेला तुकडा घडीवर तिरपा बसवतात. पान उघडताच तो ताठ होतो, आणि चिकटवण्याचा कोन बदलला की पुढे किंवा मागे कलतो. दुसरीत तुकडे घडीला समांतर बसतात व पेटीसारखा आकार तयार होतो. येथे समोरासमोरच्या बाजू समान हव्यात, नाहीतर पुस्तक मिटत नाही.

नागपूरकराच्या ओळखीची वास्तू घेऊन हे अधिक स्पष्ट करता येते. झिरो माइलचा स्तंभ समांतर घडीत सहज उभा राहतो आणि शेजारचे चार घोडे तिरप्या घडीत. दीक्षाभूमीचा घुमट मात्र घडीने होत नाही, कारण कागद दोन दिशांना एकाच वेळी वाकत नाही. तेथे उभ्या-आडव्या कापांची जाळी लागते. समजा, घुमटाची त्रिज्या ६ सेंमी आहे. मधला काप ६ सेंमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ, त्यापासून २ सेंमी अंतरावरच्या कापाची त्रिज्या सुमारे ५.७ सेंमी, ४ सेंमी अंतरावरच्याची सुमारे ४.५ सेंमी. एका दिशेच्या कापांना वरून आणि दुसऱ्या दिशेच्यांना खालून, छेदाच्या ठिकाणी अर्ध्या उंचीपर्यंत खाचा देऊन ते एकमेकांत अडकवतात. पुस्तक मिटताना ही जाळी तिरपी होत घडीच्या दिशेने लांबते. १२ सेंमी रुंदीचा घुमट मिटल्यावर जवळजवळ १७ सेंमी जागा घेतो, म्हणजे पानाची उंची त्याहून अधिकच हवी. हा हिशेब चुकला की घुमटाची कड मिटलेल्या पुस्तकाबाहेर डोकावते.

आराखडा करणारा कारागीर आधी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा नमुना करतो, तो पुनःपुन्हा उघडून-मिटून पाहतो आणि मगच चित्रकाराकडे जातो. नंतर सर्व सुटे भाग एका मोठ्या तावावर कमीत कमी कागद वाया जाईल असे बसवतात. ताव छापून डाय-पंचिंग (साच्याने भाग कापणे) आणि क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून रेघ उमटवणे) होते. इथवर यंत्र. भाग सोडवणे, दुमडणे, खाचांत अडकवणे आणि चिकटवणे आजही बहुतांशी हातानेच होते. म्हणूनच ही पुस्तके महाग असतात आणि त्यांची जुळणी कोलंबिया, सिंगापूर, थायलंड, चीन अशा देशांत होत आली.

यातली निम्मी कौशल्ये नागपुरात रोजच्या वापरात आहेत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे पंचिंग-क्रीझिंग चालते. तान्ह्या पोळ्याला निघणारे मारबत-बडग्याचे प्रचंड पुतळे बांबू आणि कागदातूनच आकार घेतात. महालातल्या चितारओळीला मूर्तिकामाची जुनी परंपरा आहे. या हातांना मराठी गोष्टीच्या पुस्तकाचे काम मिळावे, असे या विषयात रमलेल्या कुणालाही वाटेल.

हवेचा विचार मात्र येथे वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कागद कोरडा पडतो आणि आधी दाबून रेघ न उमटवता केलेली घडी तडकते. कूलरच्या ओलसर झोतात तोच कागद वाकडा होतो. म्हणून २०० ते ३०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) कार्ड, घडीला समांतर ग्रेन (कागदातील तंतूंची दिशा) आणि डिंकाचा पातळ थर हे पथ्य पाळतात. फाटलेला सांधा सेलोटेपने जोडू नये. टेप पिवळी पडते आणि घडी कडक होते. पातळ, चिवट कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावावी आणि पुस्तक अर्धवट उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे.